चालू वाटेचं नाव

वाचनालयाचे अध्यक्ष मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला हरवले, आणि तेही स्वतःच्या खुर्चीत, समोर चहाचा कप असताना.

हरवणं हा शब्द त्यांचाच. त्यांची सगळी नोकरी भूमापन खात्यात गेली होती. लोकांना त्यांच्या जमिनी कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे त्यांनी चाळीस वर्षं सांगितलं होतं, आणि ज्यांना ते पटलं नाही त्यांना पुन्हा मोजून सांगितलं होतं. असा माणूस जेव्हा ग्रंथपालांना आत बोलावून शांतपणे विचारतो, "ग्रंथपाल, मी कुठे आहे?" तेव्हा ऐकणाऱ्याला घाम फुटणारच. ग्रंथपालांनी आधी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग कपाळाला हात लावावा की नाही याचा विचार केला, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष अध्यक्षांच्या बोटाकडे गेलं. बोट कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकलेलं होतं. पडद्यावर वाचनालयाची वेबसाइट होती.

"मी 'नियम' दाबलं," अध्यक्ष म्हणाले. "मग फोन आला. फोन ठेवून बघतो तर हे वरचे सातही शब्द सारखेच. मुखपृष्ठ, शोध, नवी पुस्तकं, सभासद, नियम, वेळा, संपर्क. आता मी नियमांत आहे की वेळांत, हे मला कसं कळायचं?"

"खालचा मजकूर वाचला की कळतं, साहेब."

"मी कुठे उभा आहे हे बघायला मी जमीन उकरत नाही. नकाशात बघतो. ज्या पानावर माणूस आहे तो शब्द वर रंगीत दिसायला हवा." मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक गुळगुळीत माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. वाचनालयांना तयार वेबसाइट देणारी कुठलीशी कंपनी होती. मुखपृष्ठावर एक बाई मिटलेलं पुस्तक हातात धरून खदखदून हसत होती. "पुढच्या शुक्रवारी तपासणी आहे. समितीतल्या काहींचं म्हणणं आहे की वेबसाइटचं काम बाहेर द्यावं. मी अजून काही बोललो नाहीये."

 ती वेबसाइट ग्रंथपालांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, आपल्या निम्म्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून, त्यांनी संध्याकाळच्या वर्गात पीएचपी ही वेबसाइट घडवायची भाषा शिकून घेतली होती. त्या प्रमाणपत्राला त्यांनी चौकट केली होती आणि ती दिवाणखान्यात अशा ठिकाणी लावली होती, की पाहुण्याने पाणी मागितलं तरी पेल्यामागे तेच दिसावं. पुढची दोन वर्षं शाई सुकायच्या आत नव्या पुस्तकांची नोंद साइटवर चढवण्यात गेली होती. तिच्या जागी ती हसणारी बाई येणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

"हे दहा मिनिटांचं काम आहे, साहेब," ते म्हणाले.

माणूस अशी वाक्यं का बोलतो, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. ग्रंथपालांनी तो आपल्या वाचनालयात आनंदाने ठेवून घेतला असता.

पहिला प्रयत्न खरोखरच दहा मिनिटांत झाला. वेबसाइटच्या प्रत्येक पानाला पत्ता असतो. त्या पत्त्यात 'पुस्तके' हा शब्द आला तर 'नवी पुस्तकं' रंगवायचं, 'नियम' आला तर 'नियम' रंगवायचं, असा त्यांनी सरळ हिशेब केला. बुधवारी सकाळी अध्यक्षांनी सभासदांसाठीच्या नियमांचं पान उघडलं. त्याच्या पत्त्यात 'सभासद' होतं आणि 'नियम'ही होतं. वर दोन शब्द लाल झाले.

"आता मी दोन ठिकाणी आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. जास्त लागलं ते त्यामुळेच. "इतकी वर्षं मोजणी केली, ग्रंथपाल. एकच माणूस दोन गटांत उभा राहिलेला मी पाहिला नाही. तसं सांगणारे पुष्कळ पाहिले."

गुरुवारी ग्रंथपालांनी रजा घेतली. ते घरी कॉम्प्युटरसमोर बसले आणि या वेळी मात्र शास्त्रशुद्ध जायचं ठरवलं. ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर, त्यांनी वेबसाइट उभी केली होती, त्यात एक फाइल असते. कुणी कुठला पत्ता मागितला तर त्याला कुठल्या पानाकडे न्यायचं, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. अशा प्रत्येक ओळीला रूट म्हणतात. ग्रंथपाल घरात त्याला वाट म्हणत, कारण रूट म्हटलं की त्यांच्या पत्नीला खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य आठवत. वाचनालयाच्या वेबसाइटला तेवीस वाटा होत्या. आणि फ्रेमवर्कच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं, की सध्या माणूस कुठल्या वाटेवर आहे हे पत्त्यावरून ताडत बसू नका; चालू वाटेचं नाव थेट फ्रेमवर्कलाच विचारा. एका ओळीचं काम. विचारायच्या पद्धतीही एकाहून जास्त दिल्या होत्या.

ग्रंथपालांनी एक पद्धत वापरली आणि येणारं उत्तर तात्पुरतं पानाच्या डोक्यावर छापायला सांगितलं. पान उघडलं. डोक्यावर काहीच नव्हतं. त्यांनी दुसरी पद्धत वापरली. काहीच नाही. त्यांनी चष्मा पुसला, दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. फ्रेमवर्क कुठलीही तक्रार न करता, अत्यंत सभ्यपणे, गप्प होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला दंतवैद्य वर आले. दवाखाना दुपारी बंद असे आणि त्यांना झोप येत नसे, हे त्या इमारतीचं जुनं दुखणं होतं. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली.

"पुष्कळदा दुखतो एक दात आणि पेशंट दाखवतो भलताच," ते म्हणाले. "तुम्ही विचारताय तिथे काहीच बिघडलेलं नसणार."

"मग कुठे बिघडलंय?"

"ते आत बघितल्याशिवाय कसं सांगू?" दंतवैद्य वाकले आणि त्यांनी कीबोर्डमध्ये, दोन बटणांच्या फटीत, रोखून पाहिलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हे शेवटचं कधी साफ केलं होतं?"

"कधीच नाही."

"तरीच. रविवारी मोकळा आहे मी. सामान घेऊन येतो."

ग्रंथपालांच्या पत्नी जन्मनोंदणी कार्यालयात होत्या. त्या साडेपाचला घरी आल्या, तेव्हा यजमान भिंतीकडे बघत बसले होते आणि प्रमाणपत्राची चौकट उलटी करून ठेवलेली होती. त्यांनी पर्स ठेवली, चहा टाकला आणि विचारलं, "काय झालं?"

"मी विचारतोय आणि ते नाव सांगत नाहीये."

"कुणाचं नाव?"

"चालू वाटेचं."

"तिचं नाव नोंदवलंय का?"

ग्रंथपाल म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे आमच्याकडे रोज कुणी ना कुणी येतं आणि काउंटरवर हात आपटतं, की आमच्या मुलाच्या दाखल्यावर नाव का नाही. मी विचारते, नाव कळवलं होतं का? मग बाप आईकडे बघतो आणि आई बापाकडे. तोपर्यंत मूल चालायला लागलेलं असतं." त्यांनी कप पुढे केला. "रकाना रिकामा असला तर उत्तर रिकामंच येणार. तुमच्या त्या वाटांना नावं दिली आहेत का तुम्ही?"

ग्रंथपालांनी फाइल उघडली. तेवीस ओळी. तेवीस पत्ते. नाव एकीलाही नव्हतं. वर्गातल्या शिक्षकाने सांगितलं होतं, वाट लिहिली की तिच्या शेपटीला नाव जोडत जा, पुढे उपयोगी पडतं. त्या वेळी ग्रंथपालांना ती फुकाची औपचारिकता वाटली होती. ज्या माणसाने तीस वर्षांत एकही पुस्तक क्रमांकाशिवाय कपाटात जाऊ दिलं नव्हतं, त्याच माणसाने आपल्या स्वतःच्या तेवीस वाटा बेवारस सोडल्या होत्या.

"हे कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"मी कशाला सांगू," त्या म्हणाल्या. त्यांनी खरंच सांगितलं नाही. सांगितलं ते ग्रंथपालांनी स्वतःच, शनिवारी, समितीच्या बैठकीत.

त्यांचा हेतू चांगला होता. अध्यक्षांनी "कामाची प्रगती काय?" असं विचारलं, आणि 'चालू आहे' एवढंच म्हणून गप्प बसण्याऐवजी ग्रंथपालांनी माहितीपूर्ण उत्तर दिलं. ते म्हणाले, "अडचण सापडली आहे. वेबसाइटच्या वाटांना नावं द्यायची राहून गेली होती. ती मी उद्या देतो."

खोलीतल्या सगळ्या खुर्च्या एकदम पुढे सरकल्या. सात जणांची ती समिती. एरवी खुर्च्यांचे खिळे आणि पंख्यांचा आवाज याखेरीज तिच्यापुढे काही येत नसे. आज पहिल्यांदाच तिच्यापुढे कशाला तरी नाव द्यायचा प्रश्न आला होता.

"तुम्ही देणार?" चिटणीसबाई म्हणाल्या. त्या भाषेच्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि सूचनाफलकावरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका उभ्या उभ्या लाल पेनाने दुरुस्त करत. "एकट्याने? संस्थेच्या वाटांना?"

"बाई, ती नावं आतल्या आत असतात. तसं त्यांचं फार काही..."

"आतलं असलं म्हणून काय झालं? आत जे असतं तेच बाहेर येतं."

 अध्यक्षांनी नावांऐवजी क्रमांक द्यावेत असं सुचवलं. एक ते तेवीस, गरज पडल्यास पोटक्रमांक. चिटणीसबाई म्हणाल्या की वाचनालय म्हणजे मोजणी केलेलं शेत नव्हे. अध्यक्ष म्हणाले की शेताला निदान हद्द असते, चर्चेला ती दिसत नाही. कुणीतरी चहा मागवला. ग्रंथपालांनी तीनदा सांगायचा प्रयत्न केला की ही नावं फक्त फ्रेमवर्क वाचतं, आणि तिन्ही वेळा त्यांना हात करून थांबवण्यात आलं, कारण त्या क्षणी 'संपर्क' या पानाला 'हाक' म्हणावं की 'साद', यावर मतदान चालू होतं.

'हाक' चार विरुद्ध तीन मतांनी निवडून आलं. शोधाच्या पानाचं नाव 'धांडोळा' ठरलं. नव्या पुस्तकांचं 'कोरा वास'. मुखपृष्ठाचं 'उंबरठा', सभासदांच्या पानाचं 'आपली माणसं', नियमांचं 'शिस्त'. वाचनालयाच्या वेळांच्या पानाला एका सदस्याने थट्टेने 'उघडझाप' म्हटलं आणि ते एकमताने मंजूर झालं. पासवर्ड विसरलेल्यांसाठी जे पान असतं त्याला चिटणीसबाईंनी 'विसरभोळा' हे नाव दिलं आणि त्यावर स्वतःच खूश होऊन थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. तीन तासांनी तेवीस नावांचा ठराव झाला, आणि तो त्याच संध्याकाळी ग्रंथपालांना ईमेलने आला. खाली टीप होती: 'वेलांट्या तपासून घ्याव्यात.'

रविवारी सकाळी दंतवैद्य सामान घेऊन आले. त्यांनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं, हातमोजे घातले आणि कीबोर्डची बटणं एकेक करून उपटायला सुरुवात केली. ते काम त्यांनी इतक्या हळुवारपणे केलं की ग्रंथपालांना स्वतःच्या जबड्यात काहीतरी जाणवायला लागलं. प्रत्येक बटण घासून, धुऊन, फडक्याने कोरडं करून त्यांनी परत बसवलं. "चावून बघा," ते सवयीने म्हणाले, आणि मग, "म्हणजे, दाबून बघा."

ग्रंथपालांनी चार बटणं दाबून पाहिली. छान दबत होती. दंतवैद्य समाधानाने खाली गेले.

आता ग्रंथपाल टायपिंग दोन बोटांनी करत आणि नजर बटणांवर ठेवत. पडद्याकडे ते ओळ संपल्यावर बघत. खरं म्हणजे असा बदल आधी घरच्या प्रतीत करून बघायचा आणि मग चालू वेबसाइटवर न्यायचा, हेही वर्गात शिकवलं होतं. पण शुक्रवार जवळ आला होता आणि काम अगदीच किरकोळ होतं. त्यांनी थेट वाचनालयाच्या वेबसाइटवर पहिल्या ओळीच्या शेवटी 'नेम' हा इंग्रजी शब्द टाइप केला, तोच खालच्या बावीस ओळींना चिकटवला, आणि पुढच्या कंसांत ईमेलमधली नावं एकेक करून डकवली. वेलांट्या तपासल्या. फाइल जतन केली. वेबसाइट उघडली.

वेबसाइट गेली होती. तिच्या जागी लाल पट्टी होती आणि पट्टीत इंग्रजीत एक वाक्य होतं. त्याचा अर्थ असा, की 'मने' अस्तित्वात नाही.

ग्रंथपालांनी दुसरं पान उघडलं. तिथेही मने नव्हती. तेवीसच्या तेवीस वाटांची वाट लागली होती.

त्यांनी फाइल पुन्हा पाहिली. खरंच, 'नेम'च्या जागी एम-ए-एन-ई अशी अक्षरं पडली होती. घाईत झालं असेल म्हणून त्यांनी शब्द खोडला आणि बटणांकडे बघून, एकेक अक्षर मनात म्हणत, पुन्हा टाइप केला. एन. ए. एम. ई. वर पाहिलं. मने. त्यांनी पुन्हा खोडलं. पुन्हा मने.  माणसाला आपल्या बुद्धीबद्दल शंका आली तर तो कुणाचा तरी सल्ला घेतो. बोटांबद्दल शंका आली तर कुणाकडे जावं हे त्यांना सुचेना.

तेवढ्यात फोन वाजला. चिटणीसबाई होत्या.

"ग्रंथपाल, आपल्या वेबसाइटवर 'मने अस्तित्वात नाहीत' असं आलंय. हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही, बाई, ती चूक आहे."

"वाक्य चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण ठरावात नव्हतं."

त्यानंतर फोन आला तो एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंचा. त्या वाचनालयाच्या जुन्या सभासद. गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर जवळपास गेली होती. त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं त्यांना मोठ्याने वाचून दाखवत असे, आणि तो ऐकवेल त्या यादीतून त्या वाचनालयातली ध्वनिमुद्रित पुस्तकं मागवत.

"सर, अर्धा तास झाला, हा एकच गोष्ट सांगतोय," त्या म्हणाल्या. "नोकरीत असताना चुकीचा नंबर पुष्कळदा लागायचा. पण त्या बाजूला कोणीतरी असायचं."

"मी दुरुस्त करतोय, बाई. आजच्या आज."

"करा. घाई नाही. तसंही मला तुमच्या साइटवर कुठे आहे ते कधीच कळत नाही. मी आपली अंदाजाने चाचपत जाते." त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. फोन ठेवून ग्रंथपालांनी कीबोर्ड पुन्हा पुढे ओढला.

पत्नी कपडे वाळत घालून आत आल्या. त्यांनी यजमानांचं बोट पाहिलं, पडद्यावरचं अक्षर पाहिलं, आणि स्वतः एक बटण दाबून बघितलं.

"अहो, एनवर दाबलं की एम उमटतंय. डॉक्टरांनी दोघांची अदलाबदल केलीय."

ग्रंथपालांनी कीबोर्ड उचलून दिव्याखाली धरला. एम आणि एन शेजारी शेजारी, स्वच्छ पांढरे, एकमेकांच्या जागी ऐटीत बसले होते.

"नर्सनी बाळं बदलावीत तसं झालं हे," पत्नी म्हणाल्या आणि दोन्ही बटणं नखाने उपटून जागच्या जागी लावली. त्यांना या कामाला अर्धं मिनिट लागलं. त्यांनी हातमोजेही घातले नव्हते.

शब्द दुरुस्त झाला आणि वेबसाइट पाच तासांनी परत आली. पण पानाच्या डोक्यावर नाव उमटेना. पुन्हा तेच सभ्य मौन. सोमवारी सबंध सकाळ यात गेली, आणि शेवटी ग्रंथपालांना आठवलं की साइट जलद चालावी म्हणून त्यांनीच कधीतरी फ्रेमवर्कला सांगून ठेवलं होतं, की दर वेळी वाटांची फाइल वाचत बसू नकोस, एकदा वाचून तयार प्रत जवळ ठेव. फ्रेमवर्क आज्ञाधारक होतं. रविवारी मूळ फाइलच बिघडल्यावर तेही बिचकलं. पण दुरुस्ती करताना ग्रंथपालांनी घाबरून त्या तयार प्रतीची गेल्या महिन्यातली राखीव नक्कल परत आणली होती, आणि तेव्हापासून फ्रेमवर्क तीच जुनी, बिननावाची प्रत निष्ठेने वाचत बसलं होतं. त्यांनी ती प्रत पुसली. पान ताजं केलं.

डोक्यावर, डाव्या कोपऱ्यात, छोट्या अक्षरांत आलं: उंबरठा.

ग्रंथपालांनी 'वेळा' दाबलं. उघडझाप. 'शोध' दाबलं. धांडोळा. ते तेवीसच्या तेवीस वाटांवरून फिरून आले आणि प्रत्येकीने त्यांना आपलं नाव सांगितलं. मग नावावरून शब्द रंगवणं हे खरोखरच किरकोळ काम उरलं. सभासदांच्या नियमांचं पान उघडलं तरी आता वर एकच शब्द लाल होत होता. तात्पुरतं छापलेलं नाव त्यांनी काढून टाकलं, आणि मंगळवारी अध्यक्षांना बोलावून दाखवलं. अध्यक्षांनी सातही शब्द दाबून पाहिले आणि मान हलवली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण अध्यक्षांच्या मागे उरलेली समितीही आली होती.

"आमची नावं कुठे आहेत?" चिटणीसबाईंनी विचारलं.

ग्रंथपालांनी घसा साफ केला. "ती आत आहेत, बाई. फ्रेमवर्कला दिसतात."

"आणि माणसांना?"

"माणसांना दिसत नाहीत."

"म्हणजे आम्ही तीन तास भांडलो ते एका यंत्रासाठी?"

ग्रंथपालांना म्हणायचं होतं की हे मी तीनदा सांगत होतो. ते म्हणाले नाहीत. नोकरीत तीस वर्षं टिकलेल्या माणसाला काय म्हणायचं नाही हे कळतं. अर्ध्या तासात उभ्या उभ्या ठराव झाला, की प्रत्येक पानावर सर्वांत वर 'आपण इथे आहात' असं लिहून पुढे त्या वाटेचं मंजूर नाव छापावं. ग्रंथपालांनी आदल्या दिवशी पुसलेली ओळ पुन्हा लिहिली. नाव विचारायच्या ज्या पद्धती होत्या त्यांतली जरा लांबलचक आणि विद्वान दिसणारी त्यांनी निवडली. आपला अपमान निदान व्याकरणशुद्ध असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. 'आपण इथे आहात: कोरा वास'. तपासणी अधिकारी हे वाचून काय म्हणतील याचा विचार करून त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

शुक्रवारी तपासणी अधिकारी आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, हातात फाइल. त्यांनी कपाटं पाहिली, नोंदवह्या पाहिल्या, पंख्याचा आवाज ऐकला. मग वेबसाइटसमोर उभे राहून त्यांनी 'आपण इथे आहात: उंबरठा' हे दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे कशासाठी?"

अध्यक्षांनी चिटणीसबाईंकडे पाहिलं. चिटणीसबाईंनी ग्रंथपालांकडे पाहिलं. ग्रंथपालांच्या मागे कुणीच नव्हतं.

"एखाद्या वाचकाला वापरून दाखवायला सांगा," अधिकारी म्हणाले.

वाचनकक्षात त्या वेळी तीन माणसं होती. एक झोपलेला, एक कोडं सोडवणारा, आणि पुस्तक परत करायला आलेल्या ऑपरेटर बाई. ग्रंथपालांनी त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरपाशी आणलं. मोठ्याने वाचून दाखवणारी सोय तिथेही होती. त्यांनी ती चालू केली.

यंत्राचा आवाज म्हणाला, "आपण इथे आहात. उंबरठा."

बाई थांबल्या. त्यांनी एक बटण दाबलं. "आपण इथे आहात. धांडोळा." त्यांनी पुस्तकाचं नाव टाइप केलं, बोटं भराभर चालत होती, यादी ऐकली, एक निवडलं, पुढे गेल्या. "आपण इथे आहात. कोरा वास." त्यांनी मान किंचित वर केली.

"सर, हे कधी केलंत?"

"तीन दिवस झाले, बाई. आणि जिथे आहोत तो शब्द लालही होतो."

"रंगाचं मला काय. पण हे चांगलं झालं. आधी प्रत्येक पानाला तेच सात शब्द सुरुवातीला ऐकू यायचे. आपण आत आलोय की बाहेरच आहोत, तेच कळायचं नाही." त्या पुढे पुढे जात राहिल्या. "आपण इथे आहात. विसरभोळा." त्या हसल्या. "इथे मी बऱ्याचदा असते."

मग त्यांनी कुठलासा पत्ता पाठ होता म्हणून थेट टाइप केला, त्यात एक अक्षर चुकलं, आणि पडदा लाल झाला. यंत्र भसाभसा इंग्रजीत बोलायला लागलं.

ग्रंथपालांना क्षणात समजलं. असं पानच वेबसाइटवर नव्हतं. पान नाही, म्हणजे वाट नाही. आणि त्यांनी निवडलेली ती विद्वान पद्धत आधी वाटेला हातात धरते आणि मग तिला नाव विचारते. हातात काहीच आलं नाही तर तिचा तोल जातो आणि ती अख्खं पान घेऊन आडवी होते. दुसरी, साधी पद्धत फक्त विचारते, आणि वाट नसली तर गप्प बसते.

"एक मिनिट, साहेब," ते अधिकाऱ्यांना म्हणाले आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर बसले. मागे सात जणांची समिती उभी होती. त्यांनी दोन बोटांनी, बटणांवर नजर ठेवून, ती ओळ बदलली. या वेळी ओळ संपायच्या आधीच वर पाहिलं. ठीक होती. जतन केली.

"बाई, आता पुन्हा बघा."

बाईंनी बटण दाबलं. यंत्र म्हणालं, "आपण इथे आहात." आणि थांबलं. पुढे काहीच आलं नाही.

बाईंनी दोन क्षण वाट पाहिली. "म्हणजे कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "चुकलेच मी. मागे जाते." त्यांनी बटण दाबलं. "आपण इथे आहात. विसरभोळा."

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली आणि उभ्यानेच काहीतरी लिहिलं. ते काय होतं हे अध्यक्षांनी नंतर सर्वांना वाचून दाखवलं: 'अंध व अल्पदृष्टी वाचकांना आपण कोठे आहोत हे सहज समजते. अशी सोय अन्यत्र आढळली नाही.'

"ही नावं कुणी शोधली?" निघताना बाईंनी विचारलं.

"मी," चिटणीसबाई म्हणाल्या, आणि त्याच वेळी आणखी तीन आवाज आले. त्यांत एक क्रमांकांचा आग्रह धरणाऱ्या अध्यक्षांचा होता. ग्रंथपाल बाईंचं पुस्तक नोंदवहीत चढवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लाल झालेले त्या खोलीत सगळ्यांना दिसले. एक बाई सोडून.

दुपारी अध्यक्षांच्या खोलीत फोन वाजला. तयार वेबसाइट देणाऱ्या त्या कंपनीचा माणूस होता. समितीने काय ठरवलं, असं तो विचारत होता. ग्रंथपाल सहीसाठी कागद घेऊन दारात उभे होते. अध्यक्षांनी त्यांना हातानेच बसायला सांगितलं आणि फोनमध्ये खणखणीत आवाजात विचारलं, "आधी मला एक सांगा. तुमच्या वेबसाइटला नावं ठेवलीत का?"

पलीकडचा माणूस दुखावल्यासारखा झाला. "छे, छे, साहेब. दहा वर्षं झाली आम्हाला या धंद्यात. आमच्या वेबसाइटला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत."

"मग आमच्या काय उपयोगाची?" असं म्हणून अध्यक्षांनी फोन ठेवला आणि सहीसाठी हात पुढे केला.